पाचव्या पायरीवरचा चहा

३ नोव्हेंबर
मोहल्ल्याच्या सभागृहात ताश्कंदहून आलेल्या एका पोराचं भाषण. माणसं म्हणे पाच पायऱ्यांवर बोलतात. पहिली: बरे आहात ना, घरचे बरे? दुसरी: बातम्या. तिसरी: मतं. चौथी: भावना. पाचवी: मनाचं दार सताड उघडं. तिथवर फार थोडे पोचतात. शेवटी मी उभा राहून वीस मिनिटं विचार मांडले. पोरगा भारावून सारखा घड्याळाकडे बघत होता.

मी मर्गिलानच्या रेडिओवर जन्मभर निवेदक होतो, मला बोलणं कोण शिकवणार. तरी संकल्प: थंडीच्या आत बायकोशी, मस्तुराशी, पाचव्या पायरीवर बोलायचं. मग ती परत येईलच. नातवाचे चाळीस दिवस झाले की येते, असं सांगून कोकंदला लेकीकडे, गुलरुखकडे गेली. नातू आता चालतो.

५ नोव्हेंबर, सकाळ
शेजारचा तुर्गुन-आका आला; आका म्हणजे थोरला भाऊ, इथे सगळे एकमेकांना तेच म्हणतात. मिरवली-आका, बरे ना? वहिनी बऱ्या? गुलरुख बरी? जावई बरे? नातू बरा? गुडघा बरा? पहिल्या पायरीवर मुक्काम. मग म्हणे थंडी लवकर पडणार, तुमची द्राक्षवेल अजून मांडवावरच, खाली घेऊन मातीत झाकू या का. ही दुसरी.

मी त्याला वर खेचायचा प्रयत्न केला. विचारलं, आका, एकटेपणाची भीती वाटते का हो? तर म्हणे, छे हो, घरात अकरा माणसं, सकाळी संडासापुढे रांग असते. उथळ माणूस.

शेवटी त्याचा प्याला काठोकाठ भरला. दोन घोट ओतले तर 'बसा', काठोकाठ भरला तर 'निघा', हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फुंकत फुंकत संपवला, छातीवर हात ठेवला आणि गेला.

८ नोव्हेंबर
मस्तुराचा रोजचा फोन. जेवलात का, गोळी घेतली का, गॅस बंद केला का, वेल झाकली का. मी शांतपणे समजावलं की हे सगळं पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचं आहे. यापुढे चौथीच्या खालचं काही विचारायचं नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. शांतता लांबली, म्हणजे खोल असणार. मग म्हणाली, बरं.

सुरुवात उत्तम.

१२ नोव्हेंबर
फोन नाही. नियम पाळते आहे. मनात चौथ्या पायरीची जुळवाजुळव चालली असणार, वेळ लागतोच.

दरम्यान मी माझ्या भावना रेकॉर्ड करून पाठवल्या. बातम्यांच्या आवाजात नाही, संध्याकाळच्या संगीत कार्यक्रमाच्या आवाजात. अकरा मिनिटं झाली. गुलरुखचा मेसेज आला, दादा, बाळ ऐकता ऐकता झोपलं, आणखी असेल तर पाठवा. आवाजात अजून जादू आहे.

आईने ऐकलं का, असं विचारलं. उत्तर आलं नाही. नेटवर्क खराब आहे.

१७ नोव्हेंबर
फोन नाही. गॅसवर दूध राहिलं, पातेलं जळालं. गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून दोन घेतल्या. दिवसभर डोकं गरगरलं. वेल झाकायला गेलो होतो, पण ती बांधायच्या दोऱ्या कुठे ठेवतात ते मस्तुरालाच माहीत. हे विचारायला फोन करणार होतो, पण तो दुसऱ्या पायरीवर मोडतो. नियम मीच घातलाय.

घर फार शांत आहे. रेडिओ लावला. नवीन निवेदक घाई करतो.

२० नोव्हेंबर
समोरासमोर बोलायचं ठरवून सकाळीच टॅक्सीने कोकंद. सोबत चार नान, एक टोपली बिहीची फळं. गुलरुख बाळाला घेऊन अंगणात गेली, समजूतदार पोर. मस्तुरा पुलावासाठी गाजरं चिरत बसली होती. मी बोलायला लागलो.

छान बोललो. तरुणपण झालं, रेडिओ झाला, माझ्या एकटेपणापर्यंत आलो. मध्ये एकदा तिची सुरी थांबली. म्हणाली, अहो, मलाही तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हटलं, थांब, आत्ता चौथीवर आहे, पाचवी येतेच आहे. ती थांबली. गाजरं संपली. माझी पाचवीही झाली, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग ती उठली, चहा करून आणला आणि माझ्या हातात दिला. प्याला काठोकाठ भरलेला.

पुलाव व्हायला अजून तास होता. मी फुंकत फुंकत, जमेल तितका सावकाश प्यालो.

२१ नोव्हेंबर
मस्तुराची नजर अलीकडे अधू झाली आहे. प्याला किती भरला ते दिसलं नसेल.

चष्मा तिने घातला होता.

तिला काय सांगायचं होतं, ते मी विचारलंच नाही. परतीच्या टॅक्सीत आठवलं. आज तीनदा फोन लावला. गुलरुख म्हणाली, आई कामात आहे, दादा. मी म्हटलं, मग तूच सांग, ती जेवली का. गुलरुख म्हणाली, जेवली.

दुपारी तुर्गुन-आका आले. वहिनी बऱ्या? गुलरुख बरी? जावई बरे? नातू बरा? गुडघा? मी प्रत्येकाबद्दल बरे आहेत म्हटलं. यादी संपली तेव्हा वाटलं, आणखी दोन-चार नातेवाईक असते तर बरं झालं असतं.

चहा केला. त्यांच्या प्याल्यात दोन घोट ओतले. संपले, परत दोन घोट. मग परत. थंडीबद्दल बोलले, वेलीबद्दल बोलले, दोरी माझ्याकडे आहे, उद्या झाकू म्हणाले. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. भिंतीपलीकडून त्यांना जेवायला हाक आली. मी दोन घोट ओतले. आणखी एक हाक आली तेव्हा ते छातीवर हात ठेवून उठले.

प्याल्यात नुकतेच ओतलेले दोन घोट तसेच राहिले होते. ते मीच प्यालो.