तहानेचं वेळापत्रक

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! ओमाहाहून चार तास नाकासमोर गाडी हाकली, दोन्ही बाजूंना वाळलेला मका आणि वळण म्हणाल तर एकच. घर मात्र झकास आहे. वरच्या मजल्यावरची खोली मला दिलीय, खिडकीत भरपूर ऊन, पलंगावर जाडजूड गोधडी. जेवायला चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचा रोल. मी दोन रोल हाणले. तीन आठवडे असं खायला घालणार असतील तर ‘कोरड’ काय, मी टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा तपासून देईन.

घर व्हर्नन क्रूसचं. तो जाऊन चाळीसेक वर्षं झाली. आता त्याची बायको आर्डिथ एकटी राहते. वय चौऱ्याऐंशी, मला ‘पोरी’ म्हणते. मी एकसष्ट वर्षांची पोर!

क्रूसने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, ‘कोरड’. तहानेची साथ येते, माणसं घागरीच्या घागरी पाणी पितात आणि तरी तिसऱ्या दिवशी तहानेने मरतात. दहातला एक उरतो. अकराशे पानं आहेत. लोक दर उन्हाळ्यात तिचं पारायण करतात, दंडावर तिची वाक्यं गोंदवून घेतात. मी ती दोनदा वाचली, दोन्ही वेळा पगारासाठी. आता प्रकाशकाने त्याच जगातल्या बत्तीस कथा बत्तीस लेखकांकडून लिहवून घेतल्यात, आणि त्या मूळ कादंबरीशी जुळतात की नाही हे बघायला मला धाडलंय. क्रूसच्या वह्या घराबाहेर न्यायच्या नाहीत, अशी आर्डिथबाईंची अट. न्या म्हटलं असतं तरी कोण उचलणार होतं?

५ ऑक्टोबर

हाताला लागतील तशा अकरा कथा वाचून झाल्या. देवा रे. सातांमध्ये इमानी कुत्रा आहे. पाचांमध्ये तळघरात डबाबंद घेवडा साठवणारा एक शहाणा माणूस आहे, आणि तो लेखकासारखाच टकला आणि घटस्फोटित आहे. जग बुडालं तरी यांना कोणीतरी प्रेयसी मिळतेच. एकोणिसाव्या कथेचा कर्ता गॅरिक व्हँडरहूफ तर कहर आहे. याच्या कथेत चंद्रसुद्धा हुंदके देतो.

काम करायची रीत मजेशीर आहे. क्रूसने कोण कधी मरतं याचं वेळापत्रक खाटकाकडच्या तपकिरी कागदावर लिहून अभ्यासिकेच्या भिंतीला डकवलंय, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. नव्या कथांमधले मृत्यूही मी त्याच कागदावर, माझ्या अक्षरात, शाईने लिहायचे. संगणकावर यादी करते म्हटलं, तर बाई म्हणाल्या की व्हर्नन असंच करायचा. सगळ्या कथा साथीच्या शेवटच्या महिन्यातल्या, म्हणजे ऑक्टोबरातल्या, त्यामुळे माझं काम सोपं आहे. नाव लिहा, तारीख लिहा.

आणि ती नावं! गावात दर जुलैत ‘कोरड’ची जत्रा भरते. चाहते आपलं नाव चिठ्ठीवर लिहून लोणच्याच्या बरणीत टाकतात. लेखकाने चिठ्ठी उचलायची आणि त्या माणसाला आपल्या कथेत मारायचं. हाच यांचा मान! मरायला रांगा लावतात, आणि चिठ्ठी लागली नाही तर तोंड पाडून घरी जातात. क्रूसनेच ही प्रथा पाडली म्हणे. गावात दारोदार फिरून विचारायचा, नाव देतोस का? आर्डिथबाई म्हणाल्या की ज्यांनी नाव दिलं ते गेले. मी म्हटलं, हो ना, थेट अजरामर झाले! मला फार हसू आलं.

७ ऑक्टोबर

आज डेल्बर्ट नॉइज येऊन गेला. निवृत्त पोस्टमन, चाहता मंडळाचा अध्यक्ष, कोबी-खिम्याचे बन घेऊन आला. सातव्या कथेत त्याची चिठ्ठी लागलीय. मी कसा मरतो ते सांगाच, म्हणून मागे लागला. सांगितलं बाबा, स्वयंपाकघरात, नळ सोडून, तेरा तारखेला. गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे दोन्ही हात धरून आभार मानले त्याने. सत्तर वर्षांचा घोडा आणि हे वेड. बन मात्र चांगले होते.

९ ऑक्टोबर

व्हँडरहूफने घोळ घातलाय. त्याच्या कथेत दवाखान्यातली नर्स मरते आणि तिला नावच नाही. चिठ्ठी हरवली म्हणतो. भिंतीवरची जागा रिकामी राहू द्यायची नाही, असं बाईंनी बजावलंय.

मी ब्रिनला फोन केला. लेकीशी चार वर्षांत धड बोलले नव्हते. सोळाव्या वर्षी तिच्या उशाखाली हीच कादंबरी असायची, आणि असला कचरा वाचून डोकं नासेल म्हणून मी ती फेकून दिली होती. तिने ते कधीच माफ केलं नाही. आता ती चौतीस वर्षांची आहे, टोपेकाला खरोखरच नर्स आहे. मी विचारलं, तुझं नाव घालू का? आधी तिला खरंच वाटेना. मग किंचाळलीच. घाल ना आई, घाल, आणि चांगली तडफडवून मार मला, म्हणाली! किती हसलो आम्ही दोघी. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते म्हणाली, आपणहून.

व्हँडरहूफला तिचं नाव आणि नंबर कळवला, आणि भिंतीवर लिहिलं: ब्रिन टिबेट्स, तेवीस ऑक्टोबर. कचऱ्याचाही कधी उपयोग होतो तर.

१४ ऑक्टोबर

डेल्बर्ट काल गेला. स्वयंपाकघरात सापडला, नळ चालू होता. डॉक्टर म्हणतात, साखर वाढली होती. वाढणारच, रोज इतके दालचिनीचे रोल खाल्ल्यावर. चाहता मंडळाने फुलांऐवजी त्याच्या कथेचं पान शवपेटीत ठेवायचं ठरवलंय. पान अजून छापलेलंही नाही, माझ्याकडूनच मागून नेलं. खुळे कुठले.

तारीख जुळली हे खरं. योगायोग.

१७ ऑक्टोबर

काल इर्मा स्टॉफर. चर्चमध्ये गायची. बाराव्या कथेत तिची चिठ्ठी होती. सोळा ऑक्टोबर, अंघोळीच्या टबात, टब रिकामा, हे मीच लिहिलं होतं. तशीच सापडली. तीन दिवस पाणी पीत होती, असं तिची बहीण सांगते.

आज टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन आले. क्रूसच्या कादंबरीतली नावं तिथे दगडांवर आहेत. तारखा भिंतीवरच्याच.

आर्डिथबाईंना जाब विचारला. शांतपणे मटार सोलत होत्या. म्हणाल्या, तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की पोरी, नाव दिलेले गेले, तू हसलीस. जत्रेत सगळ्यांना सांगते, सगळे हसतात आणि चिठ्ठी टाकतात. म्हातारीला जाहिरात छान जमते म्हणतात.

मग व्हर्ननचं सांगितलं. शेवटच्या पानावरच्या बाईला त्याने लाडाने आर्डिथ नाव दिलं होतं, आर्डिथबाईंना विचारून. मग आर्डिथबाईंनाच कोरड पडली. त्याने नाव खोडलं, उपयोग झाला नाही. जागा रिकामी राहत नाही. दुसऱ्याचं नाव चालतं, पण ज्याचं त्याने आपणहून दिलेलं हवं. शेवटी त्याने स्वतःचं लिहिलं.

मी म्हटलं, थोतांड आहे सगळं. खोलीत आले. ब्रिनला फोन केला. ठणठणीत आहे.

२० ऑक्टोबर

सकाळी सात. ब्रिनचा फोन. उगाच केला म्हणाली. रात्रपाळीपासून सारखी तहान लागतेय, गंमतच आहे ना आई, अगदी पुस्तकातल्यासारखं—

तिला म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, मी दवाखान्यातच आहे.

प्रकाशकाला फोन केला. कथाच काढून टाका म्हटलं. पानं छपाईला गेली, म्हणाले, आणि थोडी विश्रांती घ्या.

अभ्यासिकेत जाऊन तिचं नाव खोडलं. गडद रेघा मारल्या, कागद फाटेपर्यंत.

२१ ऑक्टोबर

उपयोग नाही. सलाईन लावलंय. रक्त चांगलं, साखर चांगली, सगळं चांगलं आणि पोरगी तहानेने तडफडतेय. ओठ फुटलेत. बोलवत नाही तिला, तिची मैत्रीण बोलली.

टोपेकाला निघाले होते. गाडीची किल्ली हातात. पण तिथे जाऊन काय करणार? हात धरणार? जे करायचं ते या भिंतीवर आहे.

खोडलेल्या नावावर गॅरिक व्हँडरहूफ लिहिलं. हो, लिहिलं. त्याची चिठ्ठी त्याने हरवली, त्यानेच भरावी. गेला असता तर साहित्याचं काही नुकसान झालं नसतं.

दुपारी मैत्रिणीचा फोन. ब्रिन शुद्धीवर नाही.

व्हँडरहूफने आपणहून नाव दिलं नव्हतं. आर्डिथबाई दारात उभ्या होत्या. त्या सांगत होत्या तेव्हा मी कुठे ऐकलं?

पुढच्या तारखांची बाकीची एकोणतीस नावं आहेत भिंतीवर. त्यांच्यासाठी काय करू? माझ्याकडे जीव एकच आहे.

२२ ऑक्टोबर

सकाळी माझं नाव लिहिलं. लेनोर टिबेट्स. स्वच्छ अक्षरात. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. फार भीती वाटतेय.

साडेदहाला ब्रिन उठून बसली. एक पेला पाणी प्यायली, आणि पुरलं! एक पेला! मी फोनवर रडले तर ती घाबरली.

अकरा वाजता मला तहान लागली, पहिला घोट घेतला. नंतर मोजले नाहीत.

२३ ऑक्टोबर

तीन दिवस नाही मिळत. नाव उशिरा लिहिलं, तारीख तीच.

ब्रिनचा फोन आला. आवाज छान, खणखणीत. प्रकाशकाने व्हँडरहूफला सांगितलं आणि त्याने तिला कळवलंय, की तिचं नाव असलेली कथाच मी काढून टाकायला सांगितली होती. संतापली होती. तुला माझा आनंद कधी बघवलाच नाही, म्हणाली. तेव्हा पुस्तक फेकलंस, आता नाव फेकायला निघालीस. थँक्सगिव्हिंगला येणार नाही.

सांगणार होते. जीभ टाळ्याला— आणि सांगून काय, जन्मभर पाण्याचा पेला बघून रडेल. म्हटलं, हो. कथाच भिकार होती. तिने फोन ठेवला.

बादली उशाशी. तिसरी. आर्डिथबाई भरून देतात.

व्हँडरहूफची ती पानं जवळ घेतलीत. निदान माझं मरण तरी नीट— याची नर्स मरताना अर्धं पान बोलते. क्षितिज. क्षमा. मानवजात. गाढवा, असं नसतं. हे सगळं काट. आईला लेकीचं नावसुद्धा नीट— नुसतं पाणी, पा— आणि मग तेही नाही, फक्त ब्रि