लग्नाला लावलेली झाडं

आदरणीय होशिम मामांना कुवाहून भाचा एर्गश याचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा, मोठ्या सुनेचं बाळ, नमनगानची हवा, गाय, कोंबड्या, सगळं ठीक असावं. (या खेपेला गायीची चौकशी मामींनंतर केली आहे. मागच्या पत्रात उलटं झालं होतं आणि मामींनी ते मनाला लावून घेतलं असं कळलं.) इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची भाचेसून गुलचेहरा सलाम सांगते. आमच्या मुलाचं, जासूरचं, लग्न येत्या शरदात नक्की झालं आहे आणि माझी नोकरी अजून शाबूत आहे. ती कशी शाबूत राहिली, ते सांगायला हे पत्र लिहितो.

मी डाळिंबाच्या रसाच्या कारखान्यात बॉयलरवर होतो, हे तुम्हाला माहीतच आहे. कोळशाचा बॉयलर मोडीत निघाला, छपरावर सौर पट्ट्या बसल्या, आणि आमचे संचालक बोतिर आका यांनी मला बोलावून सांगितलं, "एर्गश, इतकी वर्षं धूर तूच काढलास, आता तो निस्तरायचं कामही तूच बघ." अशा रीतीने मी पर्यावरण अधिकारी झालो. आमच्या परदेशी गिऱ्हाइकाचं म्हणणं असं, की कारखाना हवेत जेवढा कार्बन सोडतो तेवढा त्याने शोषूनही घ्यावा आणि आसपासचे पक्षी, किडे, झाडंझुडपं सुखात असावीत, नाहीतर रस दुसरीकडून घेऊ. मी उत्साहाच्या भरात सुरुवात स्वयंपाकघरापासून केली आणि तंदूर विझवला. विजेच्या भट्टीतली रोटी आली त्या दुपारी कामगारांनी ती खाल्ली नाही, नुसती बघितली. (आपल्याकडे रोटी चुकून पालथी पडली तरी माणसं हळहळतात, तिथे ती तशीच ठेवून उठणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.) शेवटी तंदूर कुंपणाच्या भिंतीपलीकडे बांधला आणि भिंतीला खिडकी पाडली. आता धूर कारखान्याच्या हद्दीबाहेर होतो, रोटी तेवढी आत येते. जैवविविधतेचंही तेच. मागच्या पडीक जमिनीवरचं गवत कापायचं नाही असा मी हुकूम काढला. गवत माजलं, तशी शेजारच्या ओयशा खालांची गाय आत शिरली. मी हाकलायला गेलो, तर खाला म्हणतात, "का रे, ही स्थानिक नाही? तू तरी कोकंदहून आलास. ही इथेच जन्मली."

पण खरी भिस्त होती ती मागच्या पॉप्लरांवर. जासूर रांगत होता तेव्हा वारा अडवायला म्हणून आकांनी सगळ्या मोहल्ल्याला तिथे झाडं लावायला हशरला बोलावलं होतं, म्हणजे श्रम सगळ्यांचे फुकट आणि पुलाव बोलावणाऱ्याचा. आता मामा, तुम्हीच सांगा, आपल्या लोकांना झाडं लावा म्हटलं की ते काय लावणार? घरात मुलगा झाला की पॉप्लर लावायचे आणि त्याच्या लग्नात तेच कापून त्याच्या खोलीचे वासे करायचे. जमीन कारखान्याची, पाणी कारखान्याचं, पुलावही कारखान्याचा. प्रत्येक घराने आपापल्या मुलासाठी चार-चार पॉप्लर लावले आणि हात धुऊन घरी गेले. मी मात्र ती सगळी झाडं कधीच न कापली जाणारी म्हणून कागदावर दाखवली. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. फक्त दोन्ही त्याच झाडांबद्दल आहेत, हे ध्यानात आलं नाही.

मग ताश्कंदहून तपासणीला साओदत बाई आल्या. मी त्यांना झाडांकडे नेलं, तर ओयशा खाला बरोबर चालू लागल्या आणि एकेका झाडावर थाप मारून सांगू लागल्या, हे आमच्या जाहोंगीरचे, ते शुहरतचे. बाई हरखून गेल्या. म्हणाल्या, "प्रत्येक झाडाला मुलाचं नाव. किती सुंदर."

"सुंदर कसले, जरा वाकडेच निघाले," खाला म्हणाल्या. "पण वाशांना चालतील."

"वाशांना?"

"मग? पोरगं बायको आणून उघड्यावर झोपणार की काय?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आका माझ्याकडे बघू लागले. मामा, खरं सांगतो, मी घाबरलो. लग्न तोंडावर आलेलं, या वयात मला दुसरं काम कोण देणार, आणि डाळिंबं सोलायला येणाऱ्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बायका घरी बसणार, तेही माझ्यामुळे. भीतीने माणसाला कधी कधी अक्कल येते. मी म्हणालो, "बाई, वासा जळत नाही. छपरात तो मुलाच्या म्हातारपणापर्यंत राहतो. म्हणजे कार्बन आमच्या डोक्यावरच असतो, हवेत जात नाही." बाईंनी बराच विचार केला. मधे खिडकीतून आलेली गरम रोटी खाल्ली (ती कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही). मग म्हणाल्या, चालेल, पण एक कापला की दोन रोपं लावायची, तीही तुती, जीदा, रानजर्दाळू अशी, पाखरांच्या पोटात काही पडेल अशी. आणि एका घराने आपली चार झाडं कायमची सोडून द्यायची. तिथे करवत कधीच लागता कामा नये.

खालांना एकदम गाय आठवली. आकांनी मला कोपराने ढोसलं. मामा, मी पुढे झालो. कालव्याकडच्या चार पॉप्लरांवर हळद्या पक्ष्यांची घरटी आहेत. ते आमच्या जासूरचे, ते मी दिले, असं म्हणून सही केली आणि खोडांना स्वतःच्या हाताने पांढरे पट्टे रंगवले. आकांनी सगळ्यांसमोर माझा हात दोन्ही हातांत घेतला. कारखाना पास झाला. जासूरच्या खोलीला छप्पर कुठून आणायचं, हा विचार घरी येताना सुचला.

सर्वांना सलाम, मामींना आधी.

तुमचा भाचा,
एर्गश

ता.क. तुमच्या वखारीत सायबेरियाच्या पाइनचे वासे आले आहेत असं ऐकतो. चार पाठवता आले तर हळद्यांच्या पुण्यात तुमचाही वाटा राहील.

आणखी ता.क. गुलचेहराला अजून काही सांगितलेलं नाही. ते पॉप्लर तिनेच पाणी घालून वाढवले. तुम्ही वडीलधारे आहात, तुम्ही सांगितलंत तर ती ऐकून घेईल. जमल्यास कल्पना तुमचीच होती असं सांगावं.

गुलचेहराकडून ता.क. मामा, यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याच हाती दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. मला तपासणीच्याच संध्याकाळी ओयशा खालांकडून सगळं कळलं होतं. माणूस मनाने चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण हशरच्या दिवशी हे सकाळपासून पुलावाच्या देगेपाशी उभे होते. झाडं मी लावली, जासूरला पाठीला बांधून. आमचे चार भिंतीकडे आहेत. कालव्याकडचे चार बोतिर आकांच्या धाकट्या मुलाचे, आणि त्याचंही लग्न याच शरदात आहे. आकांनाही ते ओळखता आले नाहीत, कारण त्या दिवशी तेही देगेपाशीच होते. तेव्हा पाइनचे वासे जरूर पाठवा, पण त्यांच्या घरी. आमच्याकडे तुम्ही करवत घेऊन या, आणि येताना तुतीची आठ रोपं आणा, बाईंची अट मोडायची नाही. आकांना मात्र तुम्हीच सांगा. तुम्ही वडीलधारे आहात.