सतरा शेर शिल्लक

चिखली, मे १९५७

प्रिय शालन,

अनेक आशीर्वाद. अक्षर पाहून दचकू नकोस. एरवी घरचं पत्र ज्योतीराम लिहितो आणि खाली मी नुसती सही करतो. हे मात्र सगळं माझ्या हातचं आहे. मराठी चौथी होऊन पन्नास वर्षं होत आली, तेव्हा काना-मात्रा इकडंतिकडं झाल्या तर सांभाळून घे. तुझा भाऊ पाळीवर गेला आहे. पिंपरीचा औषधाचा कारखाना त्याला चांगला मानवलाय. सायकलवर जातो, येताना शीळ घालत येतो. तुझी आई ओढ्यावर धुणं घेऊन गेली आहे. दोघं घरात नसताना लिहायला बसलो, कारण यातली एक गोष्ट त्या दोघांनाही ठाऊक नाही. दौत दोनदा कलंडली, तो डाग त्याचाच आहे. मनाला काही लावून घेऊ नकोस.

आधी किरकोळ गोष्टी लिहून टाकतो, नाहीतर विसरतो. कपिलेला कालवड झाली. विहिरीला पाणी आहे, पण जून लांबला तर काय, ही धास्ती आहेच. आणि यशवंताच्या डाव्या पायातली वहाण मोठी आहे, ती चांभाराकडून लहान करून घे. पोर त्या पायानं फरफटत चालतं.

आता माझी हकिगत. माझ्या व्यायामाला चौदा महिने पुरे झाले. सुरुवात कशानं झाली ते तुला मी सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बाळंतपण उरकून तुला आणि तीन महिन्यांच्या यशवंताला पोचवायला मी आणि तुझी आई चाकणला आलो. पाळणा, अंगडं, टोपडं सगळं रीतीनं आणलं. व्याह्यांनी, म्हणजे लक्ष्मणरावांनी, आग्रहानं झोपाळ्यावर बसवलं आणि त्याची कडी निसटून मी खाली आलो. तिथवर ठीक होतं. मीही हसलो. पण मग ते म्हणाले, "उद्धवराव, चला वखारीत, बघू तरी झोपाळ्यावर केवढा भार आला त्यो." मी नको म्हणत असताना चार हमालांनी मला कांद्याच्या काट्याच्या पारड्यात बसवलं. समोर दोन मणांची वजनं ठेवली, पारडं जागचं हललं नाही. वर अर्धा मण टाकला तेव्हा मी उचललो गेलो. एक हमाल म्हणाला, "मालक, ह्यो माल भिजलेला दिसतुया." सगळी वखार हसली. दारात तूही पदर तोंडाशी धरून उभी होतीस.

त्यानंतर मी जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये. पानावर बसलो, पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच ठेवून उठलो. दोन मणांचा होईन तेव्हाच या उंबऱ्यात पाय ठेवीन, असं सगळ्यांदेखत बोललो आणि गाडी जुंपायला सांगितली. लक्ष्मणराव मागून आले होते, पण मी मान वळवली नाही. भरल्या पानावरून व्याही उठून गेला म्हटल्यावर त्यांनीही तोंड फिरवलं. व्याही येईपर्यंत सून माहेरी जाणार नाही, असं त्यांनी कळवलं. दिवाळी तुझ्याविना गेली. आईनं तुझ्या नावची करंजी डब्यात ठेवली होती, ती संक्रांतीपर्यंत कोणी हलवली नाही. ते असो.

घरी आल्यावर मी तालमीतल्या दत्तोबा वस्तादांकडं गेलो. म्हटलं, वरचे वीस शेर, म्हणजे अर्धा मण, उतरवायचा आहे. वस्तादांचं वय सत्तर, पण छाती अजून दरवाजाएवढी. त्यांनी मला पंचवीस बैठका, दहा नमस्कार आणि चालणं सांगितलं. पहिल्या दिवशी सातव्या बैठकीला खाली बसलो, मला दोघांनी उठवलं. शेजारचा भैरू म्हणाला, "आबा, बैठक म्हंजी खाली बसून पुन्हा उठायचं आसतंया, निस्तं बसायचं न्हाई." मी त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी अकरा काढल्या आणि त्याला मुद्दाम बोलावून दाखवल्या.

वजनासाठी सोपानरावाला गाठलं. तो चिंचवड स्टेशनात पार्सलच्या काट्यावर असतो, तुझ्या लग्नात वाढपी होता बघ, मोठ्या आवाजाचा. त्याच्याकडं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जायचं ठरलं. दोन महिने घाम गाळून गेलो, तर सोपानराव अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असा ओरडला, "दोन मण तेवीस शेर. उद्धवराव, तुमी येताना वाटंत कुनाला गिळलं काय?" म्हणजे तीन शेर वाढलो होतो. मी पागोटं काढलं, जोडा काढला, चंची काढली. काटा तिथंच. सोपानराव म्हणाला, "आता मिशा तेवढ्या ऱ्हायल्या."

त्या दिवशी परत येताना फार खचलो होतो. ज्योतीराम कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडं घेऊन गेला. तरुण माणूस आहे, सज्जन आहे. त्यानं विचारलं, खाता काय. मी सांगितलं, खुराक घेतो. सकाळी शेरभर दूध, भिजवलेले बदाम, मूठभर हरभरे, दुपारी भाकरीवर तुपाचा गोळा, आणि रविवारी शिरा. डॉक्टरनं हातातलं नळीचं यंत्र खाली ठेवलं. हे कुणी सांगितलं म्हणाला. कुणी सांगायला कशाला हवं? तालमीत जाणारा खुराक घेतोच. वस्तादांचं म्हणणं, "कसरत करून खुराक न्हाई, म्हंजी बैल जुंपला आन वैरण न्हाई." आमच्या सात पिढ्यांत व्यायाम केला तो अंगावर मांस चढवायला. उतरवायला कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी बापडा दोन महिने एका हातानं काढत होतो आणि दुसऱ्या हातानं भरत होतो. डॉक्टर हसला, मग मीही हसलो. वस्तादांना हे सांगायचा धीर मात्र अजून झालेला नाही. त्यांनी दिलेले बदाम तुझी आई खाते. गोरी दिसायला लागली आहे.

खुराक सुटल्यावर सहा शेर उतरले. दोन मण सतरा. मला वाटलं, आता दिवाळीला चाकण. पण गेले नऊ महिने काटा सतरावरच बसला आहे. पंचवीसच्या साठ बैठका झाल्या, तरी सतरा. भाकरी अर्धी केली, तरी सतरा. भैरवनाथाचे पाच शनिवार केले, तरी सतरा. सोपानराव आता ओरडतही नाही. मी पारड्यावर चढलो की पाहण्याआधीच फळीवर खडूनं सतरा लिहितो. शालन, तुला खोटं कशाला सांगू, मी दोनदा सोडून दिलं होतं. माघात आठ दिवस पांघरूण घेऊन पडलो. मला वाटलं, मी मरेन आणि खांदेकरीसुद्धा म्हणतील, सतरा शेर जास्तच आहे.

पडून राहिलो त्या आठ दिवसांत एक झालं. नवव्या दिवशी करदोटा सैल झाला म्हणून आवळायला घेतला, तर जुनी गाठ आणि नवी गाठ यांत चार बोटांचं अंतर. सुतळीनं तीनदा मोजलं. काटा काही म्हणो, दोरा खोटं बोलत नाही. मग एकेक ध्यानात यायला लागलं. विहिरीच्या पायऱ्या मी भिंत न धरता उतरतो. धोतराचा काष्टा मारताना पूर्वी दम लागायचा, तो लागत नाही. रात्रीचं घोरणं थांबलं. तुझी आई म्हणते, पहिल्या रात्री तिला वाटलं, गेले की काय, आणि तिनं नाकाशी हात धरून पाहिला. गुडघ्याला तेल लावायची बाटली पुरती तीन महिने संपलेली नाही. पुन्हा सुरू केलं ते या दोऱ्याच्या भरवशावर. सोपानरावाकडं दर महिन्याला जातो, पण आता चहा प्यायला.

चालणंही वाढलं. आधी वेशीपर्यंत जात होतो. मग मोशीच्या वाटेवरच्या चिंचेपर्यंत. मग मोशी. तिथं एक महिना थांबलो. मग इंद्रायणीचा पूल, मग पलीकडं चिंबळी. घरात एवढंच ठाऊक आहे की आबा मोशीपर्यंत जातात आणि तिथं कुणाच्या तरी ओट्यावर गप्पा मारत बसतात, म्हणून दुपार होते. त्यापुढचं सांगायलाच हे पत्र आहे, पण आधी आईचं एक बोलणं ऐक.

परवा जेवताना मी नेहमीचं रडगाणं लावलं, सतरा शेर, सतरा शेर. तिनं तवा उतरवला आणि म्हणाली, "कारभारी, त्ये सतरा शेर मासाचं न्हाईत. ताटावरून उठला तवाच्या हट्टाचं हाईत. त्ये बैठका काढून जायाचं न्हाईत." मी रागावलो. म्हटलं, तुझ्या लेकीनंच तर पदर तोंडाला लावून हसून घेतलं होतं. तुझ्या आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पोरगी हसत हुती व्हय? मी बाजूलाच हुते. तिचा पदर भिजला हुता." चौदा महिने मी हे उलटं धरून बसलो होतो. मला विचारायचं सुचलं नाही आणि ती आपणहून बोलली नाही. माझा राग लक्ष्मणरावांवर नव्हताच गं. ते थट्टेखोर आहेत, आणि मी त्यांना पूर्वी काय कमी बोललो आहे. राग तुझ्यावर होता, आणि तोही चुकीचा.

आता खरं सांगतो. चिंबळीच्या पुढं कुरुळी आणि कुरुळीच्या पुढं चाकण. पाच कोस. माघापासून मी चार वेळा चाकणला आलो आहे. तुमच्या दारासमोरच्या रस्त्यापलीकडं तेल्याचं दुकान आहे ना, त्याच्या कडुनिंबाखाली पागोटं पुढं ओढून बसतो. तेली मला आळंदीचा गिऱ्हाईक समजतो. पहिल्यांदा आलो तेव्हा यशवंता ओट्याला धरून उभा होता. दुसऱ्यांदा दोन पावलं टाकली. तू लाल टोपडं शिवलंस ते छान आहे, फक्त बंद लांब झालेत. गेल्या मंगळवारी तो ओट्यावरून उतरून रस्त्याकडं चालत निघाला, सरळ माझ्याकडं. वहाण निसटली आणि तोंडावर पडला. मी उठलो. दहा पावलं अंतर होतं. मी उभाच राहिलो, कारण मी दोन मणांचा नव्हतो. मग लक्ष्मणराव वखारीतून धावत आले, त्यांनी उचललं, धूळ झाडली आणि पोराला हसवायला स्वतः पडल्याचं सोंग केलं, एवढा मोठा व्यापारी, भर रस्त्यात. त्यांना दम लागला होता. तेही थकले आहेत गं. मी पाच कोस परत चाललो आणि वाटेत एकदाही बसलो नाही. ज्या अंगात दहा कोसांची ताकद आली, त्याला दहा पावलं टाकता आली नाहीत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

म्हणून लिहितो. येत्या गुरुवारी मी येतो आहे, चालत. आई आणि ज्योतीराम गाडीनं मागून येतील, त्यांना आज संध्याकाळी सांगेन. लक्ष्मणरावांना हे पत्र वाचून दाखव, तेली वगैरे सगळं. त्यांना म्हणावं, उद्धवराव दोन मण सतरा शेर आहे, शब्दाला हरला आहे, आणि ठेवलेला घास खायला येतो आहे. काटा मांडून ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, मी आपणहून बसेन. फक्त झोपाळ्यावर बसवू नका. आणि शालन, मी निंबाखाली दिसलो की यशवंताला ओट्यावरून खाली सोड. वाटेत पडला तर तू धावू नकोस. त्याला उचलायला मी आहे.

तुझाच,
आबा

ता.क. वहाण गुरुवारच्या आत दुरुस्त करून घे, नाहीतर मी येताना चिखलीहून नवी घेऊन येतो. पण माप लागेल. सुतळीनं मोजून कुणाबरोबर तरी पाठव.