बारवेतले सात मासे

मुकुंदवाडी,
६ फेब्रुवारी २०१९

प्रिय कमरोद्दीन,

सलाम आणि रामराम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. लासूर स्टेशनला लेकीकडं तुझी तब्येत सुधारली असेल, जोहरा वेळेवर गोळ्या देत असेलच. इकडं सगळं ठीक. आमच्या द्वारकाबाईचे गुडघे तसेच आहेत, आणि जीभही.

आता बारवेची खबर. बारव बचाव समितीचा अध्यक्ष म्हणून मी अजून कामाला आहे. निर्माल्य बंद केलं, साबण लावून कपडे धुणं बंद केलं. काठावरची झुडपं कुणाला तोडू देत नाही, कारण खंड्या तिथं बसायचा. ‘मासे धरू नयेत’ ही पाटी तुला ठाऊकच आहे. मासे कमी होऊ लागले तेव्हा भरसभेत तुझा गळ मीच जप्त केला. तू एवढंच म्हणालास, “एक गळसे पुरी बारव खाली होती क्या रे?” आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडं निघून गेलास.

तू गेल्यावर मासे वाढतील असं मला वाटलं. चार महिन्यांत झिंगे संपले, खवल्या संपल्या, बेडूक गप्प झाले. खंड्या आठवडाभर उपाशी बसला आणि उडून गेला. समितीनं बगळ्यांवर संशय घेतला. आपल्या सांडूनं तर पाण्याला नजर लागली म्हणून लिंबू टाकलं.

परवा पायरीवर पाय धूत होतो, तर हातभर लांब, काळं, मिशावालं तोंड पाण्यातून वर आलं. मी सदऱ्यासकट पाण्यात बसलो. सांडू म्हणाला, “काकासाहेब, हे तर परदेशी मांगूर हाय. समदं खाऊन टाकतंय. कोण्या येड्यानं सोडलं इथं?”

मी म्हणालो, चौकशी करू.

चौकशीची गरज नाही. तो येडा मीच.

मागच्या उन्हाळ्यात मी ज्योतिषाकडं गेलो होतो. शनिवारी सात जिवंत मासे पाण्यात सोडा, असं त्यानं सांगितलं. बाजारात जिवंत म्हणून फक्त मांगूर होते, पाण्याबाहेरही मरेनात असे. बादलीतून नेले आणि हात जोडून सोडले. द्वारकाबाईला हे काल सांगितलं. म्हणाली, “पुन्य कराया गेलात आन् समद्या बारवेचं वाटोळं करून आलात.”

ज्योतिषाकडं कशासाठी गेलो, हे तिलाही सांगितलं नाही. तुझ्या छातीचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांचं ऐकून माझं धाबं दणाणलं होतं. पत्रिकेचं नाव काढलं की तू लहानपणापासून हसतोस, म्हणून तुला बोललो नाही. तू बरा झालास, आणि मी तुलाच चोर ठरवलं. मला फार लाज वाटते रे.

मांगूर दगडांच्या कपारीत शिरतात, जाळ्यात येत नाहीत. ते गळानंच निघतील म्हणे, आणि तसा गळ टाकणारा आपल्याकडं एकच. ज्याला बंदी घातली त्यालाच आवतण द्यायचा ठराव समितीनं केला आहे. त्याखाली कारण लिहायचं राहिलं आहे.

रविवारी सकाळी दहाला सभा आहे. मासे कुणी सोडले आणि कुणाला नाहक बदनाम केलं, हे मी उभा राहून सांगणार आहे. तू गळाला हात नाही लावलास तरी चालेल. समोर येऊन बस. तुला सोडून बाकीच्यांची माफी मागण्यात काय अर्थ आहे?

खाली ‘तुझा’ असं लिहिलं आहे. खोडायचं असेल तर तू खोड, माझ्यानं होणार नाही.

तुझा,
काकासाहेब