उन्हात दिसलेलं

गुरुवार, संध्याकाळ

आज इंदापूरच्या कोर्टात माझी साक्ष अर्धी झाली. चुलत सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या मुलानं भिगवणच्या बाजारात मासळीवाल्या बाईला काठीनं मारलं. मी पाहिलं, तेच सांगितलं. उद्या त्याचा वकील उलटतपासणी घेणार.

घरी येते तर तात्या ओट्यावर. "सूनबाई, उन्हामुळं नीट दिसलं न्हाय, एवढंच म्हणायचं." दिलेलं पाणीही घेतलं नाही त्यांनी. तसं म्हटलं की मी फितूर ठरणार, सरकारी वकिलांनी बजावलंय. आणि खरं बोलले तर? घरात कोण बोलेल माझ्याशी?

तो पाण्याचा तांब्या अजून तसाच भरलेला आहे. असू दे.

उद्या वकील विचारेल, ऊन होतं का? होतं म्हणेन. भर उन्हात घडलं, म्हणूनच लख्ख दिसलं.