खिडकीजवळची खाट

मसुरे
६ जानेवारी १९८६

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांची डावी बाजू लुळी ती लुळीच, तोंड मात्र छान चालतं. माझा उजवा खांदा दोन महिने धरलाय. हात कानाच्या वर जात नाही. शाळेत फळ्याच्या वरच्या भागावर लिहायचं मी सोडूनच दिलंय. हेडमास्तर परवा म्हणाले, असं किती दिवस चालणार. शेजारची शेवंती संध्याकाळी येऊन तेल चोळते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. थकले रे मी. झोपून उठले तरी थकलेलीच असते. तू तिथे परक्यांची हाडं हातांनी ठीक करायला शिकतोस, घरच्यांसाठीही काही कळव.

थंडीत कान बांधत जा. माया पत्रातून कळत राहो.

तुझी अक्का (सुगंधा)

लंडन
१९ जानेवारी १९८६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

फुकटातला पहिला रोगी म्हणून तुझं स्वागत. ऑस्टिओपॅथीत आम्हाला पहिल्याच वर्षी सांगतात की शरीर म्हणजे एकावर एक रचलेल्या चिऱ्यांची भिंत नव्हे. बाबांच्या मचव्याची डोलकाठी आठव. दोन्हीकडच्या दोरांच्या ताणावर ती उभी राहायची. हाडंही तशीच, स्नायूंच्या ताणात तोललेली. एकीकडची ओढ वाढली की दुखतं भलतीकडेच. तेव्हा नुसता खांदा चोळून भागायचं नाही. मला वाटतं, तू बाबांना रोज एकाच बाजूने, कमरेत वळून उचलतेस. खाट भिंतीपासून मधे ओढ आणि बाजू बदलत जा. नाहीतर खांदा कायमचा धरेल, हे थट्टेत सांगत नाही.

शिक्षणाची अजून दोन वर्षं आहेत. त्याआधी येणं जमेलसं वाटत नाही. राग धरू नकोस, लोभ धर.

तुझा सत्यवान

मसुरे
३ फेब्रुवारी १९८६

चि. सत्यवान यास आशीर्वाद.

बरोबर ओळखलंस. दिवसातून सहा वेळा उचलते, त्याच बाजूने. पण खाट हलवता येत नाही. बाबांच्या हट्टाने ती खिडकीला लावली आहे. तिथून एस.टी.कडची पाणंद दिसते. दुपारची गाडी आली की ते मान वळवतात आणि कोण कोण उतरलं ते मला सांगतात. तुझं नाव घेत नाहीत, मीही विचारत नाही. मधे ओढली तर समोर नुसती भिंत. तेवढं त्यांच्याकडून काढून घ्यायला माझं मन होत नाही. म्हणून तुझं पत्र त्यांना अर्धंच वाचून दाखवलं.

मला राग येतो. तुझा येतो, त्यांचा येतो, आणि तेवढ्यात पेज गरम करायची वेळ होते. आंगणेवाडीची जत्रा यंदा जमणार नाही. तू जपून राहा, आठवण ठेव.

तुझी अक्का

मसुरे
११ फेब्रुवारी १९८६

चि. सत्यवानास बाबांचे आशीर्वाद.

लिवता तो शेजारचो बाबली, सांगतंय मी. सुगंधा शाळेत गेली आसा. तुझा पत्र तिना माका अर्धाच वाचून दाखवल्यान. ऱ्हवलेला आज बाबलीकडसून वाचून घेतलंय. एकाच बाजूचो दोर ओढून धरलो तर काठी मोडता, ह्या माका तुझ्या कालेजान शिकवूक नको. जल्म मचव्यार काढलंय.

आताच बाबलीक सांगून खाट मधी घेतलंय. सांजेक ती येतली, रडतली, मगे गप ऱ्हवतली. तू तुझा शिक्षण पुरा कर.

आता माका वाट दिसणा नाय. येतलंस तेव्हा दारातसून हाक मार. माका आधी कळूचा नाय.

गंगाराम