एका घराचा एकच नंबर

सोम., ३ फेब्रु.
दवाखान्याचे सगळे पेशंट आज नव्या डेटाबेसमध्ये. जुनं मशीन शेवटच्या घटका मोजतंय, त्याआधी उरकलं. भरताना इंग्रजीत सूचना आली : काही नोंदी घेता येत नाहीत, तरी पुढे जाऊ का? 'येस' दाबलं. कागदी रजिस्टरं ट्रंकेत घालून माळ्यावर. दहिवलीहून भिसेगावला चालत घरी. हे म्हणाले, "आज स्वारी खुशीत दिसते." होतेच.

बुध., ५ फेब्रु.
भिवपुरीच्या वरच्या वाडीतली यमुनाबाई आली, लेक तापाने फणफणलेली. डॉक्टर मॅडमनी पोरीला लगेच आत घेतलं. नंबर बाईला पाठ, ११७. मशीनवर ११७ ला तिचा सासरा, तो जाऊन चार वर्षं झाली. लेकीचं नावच नाही. नवा केसपेपर काढते म्हटलं तर ऐकेना.
"आमच्या घराचा येकच नंबर हाय. मोठ्या डॉक्टरांनी दिल्याला. नवा कशापायी?" मग सहज, "पोरीच्या नावाम्होरं लाल शाईनं लिवलंय, त्ये बघा पयलं."
लाल शाई म्हणजे पेनिसिलिन चालत नाही. धावले आत. मॅडम अजून तपासतच होत्या. जीव भांड्यात पडला. नंतर ट्रंक उघडली. लाल शाई, माझंच अक्षर. आणि मी विसरले होते.

गुरु., ६ फेब्रु.
घोळ कळला. मोठे डॉक्टर, म्हणजे मॅडमचे सासरे, घरटी एक नंबर द्यायचे. मी नव्यात अट घातली, एक नंबर एकदाच. मशीनने प्रत्येक घरातला पहिला माणूस ठेवला, बाकीचे गाळले. 'येस' माझंच. आणि लाल शेरे तर जुन्या मशीनमध्येही कधी नव्हते, कागदावरच.
मॅडमना सांगितलं. "आज कळलं ते बरं झालं," एवढंच. चार शब्द बोलल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

शनि., ८ फेब्रु.
घरनंबरला वेगळा रकाना. माणसांना पहिल्या भेटीच्या तारखेने ओळीने क्रमांक. क्रमांक देणं आधी मशीनवर सोडलं, पण चाचणीच्या नोंदी पुसल्या तरी त्यांचे नंबर ते पुन्हा वापरेना. मध्ये खड्डेच खड्डे. शेवटी साधी युक्ती : सगळ्यात मोठा क्रमांक शोधायचा, त्यात एक मिळवायचा. जुन्या मशीनवरून सगळं पुन्हा भरलं, २९६४ वर थांबलं. रजिस्टरातली डोकी मोजली, २९६४. डोळ्यांत पाणी आलं, मॅडमनी चहा मागवला.

मंगळ., ११ फेब्रु.
लाल शेरे हाताने भरतेय. चौथ्या रजिस्टरच्या शेवटच्या पानांची शेऱ्यांकडची कड वाळवीने खाल्लीय. नावं शाबूत, शेरे गेले. अठरा घरं. कुणाला लाल होतं, आठवत नाही.

गुरु., १३ फेब्रु.
यमुनाबाई पोरीला दाखवायला आली. पोर ठणठणीत, बाकावर पाय हलवत बसलेली. ११७ टाकलं, अख्खं घर पडद्यावर. बाई खूश. "बघा, हाय का नाय?"
वाळवीचं सांगितलं. अठरातली सहा घरं तिच्याच वाडीची. "धाडते समद्यांना," म्हणाली.

शुक्र., १४ फेब्रु.
दोन घरं येऊन गेली. एकीला लाल निघालं, तिला स्वतःला आठवत होतं म्हणून. भरलं. वाडीतली चार राहिली, बाकीची बारा कुठे कुठे. संध्याकाळी दार लावताना पायवाटेकडे दोनदा बघितलं.